पुनर्विवाह करेपर्यंत

५ जानेवारी
मेघनाच्या स्कूटीवर बसून वकिलांकडे गेले. माझा मुलगा समीर जाऊन वर्ष उलटलं, तरी माझ्या मृत्युपत्रात घर अजून त्याच्याच नावाने. आता सुनेच्या, मेघनाच्या नावाने करायचं. पुण्याहून लेकीचा फोन आलाच होता, "आई, घर वहिनीलेच दे, मले नको." पोरीने मन मोठं केलं. मी नाही केलं. मेघना खाली स्कूटी लावत होती, तेवढ्यात वकीलसाहेब म्हणाले, "सूनबाई तरुण आहेत. उद्या लग्न केलं तर? अट टाकायची का?" मी म्हटलं, टाका. विचार करायलाही थांबले नाही.

१२ जानेवारी
मसुदा वाचून दाखवला. घर तिला, पण 'पुनर्विवाह करेपर्यंत'. मेघना शेजारच्याच खुर्चीत. माझा चष्मा पुसत होती, पुसतच राहिली. येताना इतवारीच्या बाजारात कुकर घेतला. नेहमीसारखी घासाघीस केली तिने. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१६ जानेवारी
सही झाली. साक्षीदार शेजारचे भाऊजी आणि त्यांचा जावई. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बरोबर केलं. घर बाहेर जायले नको." त्यांच्या शाबासकीची किळस आली. मेघनाने सगळ्यांना चहा दिला.

२ फेब्रुवारी
मेघनाच्या मावशीचा भिवापूरहून फोन. उमरेडचा एक मास्तर, बायको वारलेली, लहान मुलगी आहे. मेघना म्हणाली, "नको मावशी. माह्या सासूले कोण पाहील?" मी आतून ऐकलं. आनंद झाला. रात्री एक पोळी जास्त खाल्ली, आणि मग स्वतःचीच लाज...

३ फेब्रुवारी
राहवलं नाही. विचारलं, "घरासाठी त्या मास्तरांले नाही म्हटलं का वं?"
भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, घर नसतं दिलं तरी मी तुमच्यापाशीच राहिली असती. आता राहिली तर लोक म्हणतील, घरासाठी राहिली. अन तुम्ही पण तेच समजाल."
समजलेच होते की मी.

९ फेब्रुवारी
ऑटो करून एकटीच वकिलांकडे गेले. अट काढा म्हटलं. ते हसले, नवीन कागद करतो म्हणाले. संध्याकाळी मेघनाला सांगितलं. हातातले कपडे घडी करून ठेवले, मग म्हणाली, "म्हणजे मी त्या मास्तरांले भेटायले गेली तर चालन तुम्हाले?"
चालेल म्हटलं.
"खरंच काय आई?"
देवापाशी दिवा लावायच्या निमित्ताने उठले.

१४ फेब्रुवारी
मेघना सकाळच्या बसने उमरेडला गेली. समीरने घेतलेली निळी साडी नेसली होती. छान दिसत होती, पण मी तसं म्हटलं नाही. माझा भात झाकून, गोळ्या वाटीत काढून गेली.

दुपारी वकीलसाहेबांचा फोन. कागद तयार आहे, आजच येऊन सही करता का? मी म्हटलं, गुडघा फार दुखून राहिला, दोनेक दिवसांनी येते.

गुडघा दुखत नाही. ती काय ठरवून येते ते पाहून सही करायची, असं मनात आहे माझ्या. म्हणजे अट कागदावरून काढली आणि पोटात ठेवली.

वकिलांकडे जायला ऑटोवाल्याचा नंबर शोधला. अजून लावला नाही.