तिसरा चमचा

४ सप्टेंबर

वस्ताद आज पपईशी बोलले! "आज तुझं काही खरं नाही गं बाई, उद्या ये," म्हणाले आणि ठेवून दिली परत खिडकीत. आमच्या रेस्टॉरंटचे मुख्य आचारी हे. फळाच्या देठाजवळ नाक नेतात, अंगठ्याने जरासं दाबतात, आणि न्याहारीच्या वाडग्यात आज कोण जाणार ते ठरवतात. माझे यजमान गेले, त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात मी इथे फळं चिरायला लागले. चार वर्षं झाली. वस्तादांचा अंदाज चुकलेला अजून पाहिला नाही.

पहिली फोड अजून बाजूला काढते. घरी ती ह्यांची असायची. मग कोणी बघत नाही असं पाहून मीच खाते.

६ सप्टेंबर

मालकीणबाईंनी डबे आणलेत. नासपती, पीच, अननस — सगळं सोललेलं, चिरलेलं, पाकात बुडवलेलं. "झाकण उघडा, ओता, झालं! रोज तोच रंग, तीच चव. सडण्याची भीती नाही." खोटं नाही त्यात काही.

पण मग चिरायला मी कशाला?

डब्यावरचं सगळं वाचून काढलं. चाळिशीनंतर आपली आपण वाचायला शिकले, तेव्हापासून छापलेलं काही सोडत नाही. खाली बारीक अक्षरात — दोन वर्षं टिकेल. दोन वर्षं! हे आजारी होते तेव्हा आमच्या घरात पुढच्या आठवड्याचंही कोणी बोलत नसे. माझी ती सवय अजून सुटलेली नाही.

७ सप्टेंबर

लेकीचा फोन. "आई, लोकांची फळं किती दिवस चिरत बसणार आहेस? खोली तयार आहे तुझी." म्हटलं, काम सुटलं की येते. "म्हणजे कधी?" डब्यांचं बोलले नाही. नाहीतर उद्या गाडी घेऊन दारात उभी राहिली असती. चांगली आहे पोर. पण तिच्याकडे मला सुरीला हात लावू देत नाहीत. "तू बस गं आई." बसून बसून किती बसायचं?

९ सप्टेंबर

वस्ताद मालकीणबाईंना म्हणाले, "डब्यांचं नंतर बघू. आधी आमच्या ताईंचे डोळे बांधा आणि तीन चमचे द्या. त्यांच्या जिभेला जे आवडेल ते मला मान्य."

"डबा आवडला तर?"

"तर डबे मी स्वतः फोडीन."

माझ्या जिभेवर एवढा भरवसा! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

११ सप्टेंबर

आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

डोळ्यांवर नॅपकिन. भांडी घासणारी मावशी मागून, "नवरी कशी लाजतेय बघा!" नासपतीचे तीन चमचे. पहिला करकरीत, रसाळ. दुसराही ताजाच, जरा तुरट. तिसरा तोंडात गेला — आणि दवाखान्यातली ती खोली. शेवटचे वीस दिवस ह्यांना दुसरं काही गिळवतच नव्हतं. डब्यातली नासपती, चमच्याने चेचून. "गोड आहे गं," म्हणायचे. दर वेळी, जसं काही पहिल्यांदाच खातायत.

"कुठला?" मालकीणबाई.

"तिसरा." निघूनच गेलं तोंडातून.

मालकीणबाईंनी टाळी वाजवली. "घ्या! चिरणारीच म्हणतेय डबा चांगला!"

नॅपकिन सोडला. वस्ताद कोणाकडे न बघता डबा उघडायला लागले होते. शब्दाचा माणूस.

१२ सप्टेंबर

वस्तादांना सगळं सांगून टाकलं. दवाखाना, चमचा, सगळं. रागावतील वाटलं.

"खोटं बोलला असतात तर रागावलो असतो." मग म्हणाले, "ताई, आवडलं काय नेमकं? डबा की मऊपणा?"

नीट आठवून पाहिलं. "मऊपणा. चवीला तर पत्रा लागत होता."

"मग असं सांगा ना!"

टणक नासपती घेतली. पातळ पाक, लिंबाच्या सालीची एक पट्टी, मंद आच. एकदाही ढवळलं नाही. पातेलंच हलवत राहिले, निजलेल्या बाळाचा पाळणा हलवावा तसं. फोडी काचेसारख्या झाल्या. चमच्याने सहज कापल्या जात होत्या, आणि तरी चव नासपतीचीच! किती पुस्तकं वाचली मी, हातांनी विचार करणारा माणूस असा असतो हे कुठे वाचलं नव्हतं.

"चूक माझी," म्हणाले. "ताजं म्हणजे कच्चंच, असं धरून बसलो होतो."

पहिली फोड माझ्यापुढे केली. बाजूला काढायचं सुचलंच नाही. गरम गरम खाल्ली. जीभ भाजली.

१३ सप्टेंबर

मालकीणबाईंनी वाडगा चाटूनपुसून संपवला. "पण हे टिकणार का?"

"बरणीत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून झाकण बसवलं की टिकतं. हंगामात ताजं द्यायचं, हंगाम सरला की आपल्या बरण्या."

"आणि एवढं सोलणार कोण?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. डबे दुकानात परत!

१९ सप्टेंबर

चाळीस बरण्या. पानावर पाकाचे डाग पडले, पडू देत.

वस्ताद म्हणाले, "अक्षर तुमचं चांगलं, चिठ्ठ्या तुम्हीच लिहा. जानेवारीच्या आधी उघडू नये, असं घाला." पहिल्या चिठ्ठीवर हात थबकला. जानेवारी! मग लिहीत गेले. चाळीस वेळा लिहिलं.

२० सप्टेंबर

लेकीचा फोन. "मग कधी येतेस, आई?"

"जानेवारीत. एक बरणी घेऊन. दोन दिवसांसाठी."