उजव्या कोपराची नक्षी

तीर्थरूप चंद्राअक्कास,

धाकट्या लालासाहेबाचा कडेगावहून साष्टांग नमस्कार. गुडघा बरा असेल अशी आशा आहे. नसला तरी हे वाचायला गुडघा लागत नाही. (फोन केला असता, पण फोनवर तूच बोलतेस.)

रविवारी आम्ही आमच्या शंभूराजसाठी तुमच्या औंधातल्या तात्याबांची लेक समीक्षा हिला बघायला आलो, आणि नेमकी तू कराडला लेकीकडं गेलेली. तू असतीस तर पुढचं काही घडलंच नसतं, त्यामुळं थोडी चूक तुझीही आहे.

झालं असं, की माझ्या निळ्या कोटाचा उजवा कोपर उसाच्या ट्रॉलीला अडकून फाटला. थोरली सून प्रियदर्शनी म्हणाली, मी नीट करते. मला वाटलं, रफू करील. तिनं मोबाईलवर बघून जपानी साशिको केली! ती माणसं म्हणे फाटलेलं लपवत नाहीत. आतून ठिगळ लावून वर पांढऱ्या दोऱ्यानं लाटांची नक्षी काढतात, म्हणजे कापडही टिकतं आणि शोभाही येते. (आपल्या वाकळेचाच धावदोरा तो. पण वाकळ पांघरून कुणी सोयरीक जमवायला जातं का?) मी फौजेत उमर घालवलेला माणूस, दिसणारा टाका मला सोसत नाही. पण सून इतक्या कौतुकानं बघत होती की नको म्हणवेना.

मग तात्याबांच्या घरी उजवा हात पोटाशी घट्ट धरून बसलो. चहा डाव्या हातानं, पोहेही डाव्याच हातानं, त्यातले निम्मे मांडीवर. तात्याबा माझ्याकडं फार मायेनं बघत होते. मला वाटलं, मान देतायत.

काल मध्यस्थानं निरोप आणला, "पोरगा लय चांगला हाय, पर बापाच्या अंगावरनं वारं गेलंय. पोरीनं जलमभर सासऱ्याचंच करायचं व्हय?"

अक्का, शंभूराजला ती पोरगी मनापासून आवडलीय. कालपासून तो माझ्या हाताकडं बघतो आणि ताटावरून तसाच उठतो. मला फार वाईट वाटतं.

तुझा, दोन्ही हातांनी धडधाकट,
लालासाहेब

ता. क. सोबतच्या पिशवीत कोट आहे. आजच तात्याबांकडं जाऊन कोपर दाखव आणि खरं काय ते सांग. मी सांगितलं तर म्हणतील, दुखणं लपवतोय. माझी लाज गेली तरी चालेल, सोयरीक मोडू देऊ नको.

आणखी एक. कोट परत पाठव. डाव्या कोपरावरही नक्षी दिसेल, पण तो कशाला अडकला नव्हता. एकच बाजू सजलेली बरी दिसेना, म्हणून कात्री मीच लावली. सुनेला मात्र ट्रॉलीचंच नाव सांगितलंय.