अक्षता वकिलाची निरवानिरव

मी, अमरेश निंगप्पा उंबरजे, वय वर्षे बहात्तर, धंदा वकिली (चालली तशी), राहणार शेळगी, सोलापूर, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दाबाखाली न येता, माझ्या स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. ऋतुराज हविनाळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी लिंगैक्य अक्कम्मा हिचं या बाबतीत मत वेगळं होतं, पण ती आता उलटतपासणीला हजर राहू शकत नाही. जन्मभर दुसऱ्यांची मृत्युपत्रं लिहिली. त्यातली बरीच पुढे भावाभावांतल्या भांडणाला उपयोगी पडली आणि ती भांडणंही माझ्याकडेच आली, हे नाकारत नाही. म्हणून स्वतःचं तरी साधं लिहावं म्हणतो. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. एक केलं होतं, ते कुठं ठेवलं ते आठवत नाही.

कलम पहिले. शेळगीचं राहतं घर मुलगा प्रभु आणि मुलगी चंद्रिका यांना समसमान. प्रभु विकू म्हणेल, चंद्रिका नको म्हणेल. प्रभुने तिचं ऐकावं, कारण माझ्या आजारपणात ती अक्कलकोटहून एसटीने येत होती आणि तो पुण्याहून व्हिडिओ कॉलवर येत होता. त्यात निम्मा वेळ त्याचा कपाळाचा वरचा भागच दिसायचा. रागावून लिहीत नाही. कपाळ माझ्यावरच गेलंय.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल ते दोघांना. वकील म्हटल्यावर लोकांना वाटतं, कुठंतरी पुरून ठेवलं असेल. कृपा करून अंगण खणू नये. तिथं अक्कम्माचा मोगरा आहे आणि तो माझ्या वकिलीपेक्षा बरा चालला.

कलम तिसरे. स्कूटर. ती किकने सुरू होत नाही, शिवीने होते. माझ्या जावयांना शिव्या येत नाहीत, म्हणून ती त्यांना देऊन त्यांची पंचाईत करत नाही. भंगारवाल्याला द्यावी आणि त्याच्याशी घासाघीस करू नये. त्याच्या बापाची केस मी हरलो होतो.

कलम चौथे. माझा काळा कोट आणि बार रूममधली खुर्ची बार रूमलाच. त्या खुर्चीत बसून मी "अक्षता वकील" हे नाव इतकी वर्षं ऐकलं, की नवीन पोरांना माझं खरं आडनावही ठाऊक नाही. नाव कसं पडलं ते एकदा माझ्या हातानं लिहून ठेवणं भाग आहे. बार रूममधली गोष्ट दर वर्षी वाढत चालली आहे. अजून थोडे दिवस गेले तर मी बाशिंग बांधून कोर्टात गेलो होतो म्हणून सांगतील.

महिपती कुंडलिक निमगिरे हा मूळचा जेऊरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तो गोदाम सांभाळायचा. मालकांचं नाव लिहीत नाही. मेल्यावर अब्रुनुकसानीचा दावा लागला तर मला वकील कोण देणार? एके वर्षी गोदामात माल कमी भरला. मालकांनी अफरातफरीची फिर्याद दिली, पोलिसांनी महिपतीच्या घराची झडती घेतली आणि पलंगाखालून एक ट्रंक निघाली. आत काठोकाठ टॉवेल, सगळे त्याच कारखान्याच्या लेबलाचे, एकाचीही घडी न मोडलेली. झालं. नोकरी गेली आणि निकालाच्या आधीच वस्तीत तो चोर ठरला. माल खरोखर कुणी नेला ते शेवटपर्यंत निघालं नाही. मालकांच्या मेव्हण्याने त्याच वर्षी नवी गाडी घेतली. हे मी केवळ वाहनांची आवड म्हणून नमूद करतो.

महिपतीने पहिल्या भेटीतच मला सांगितलं होतं, की टॉवेल आहेराचे आहेत, दोन पोरी उजवायच्या आहेत म्हणून साठवलेत. मी त्याला समजावलं की बाबा, हे कोर्ट आहे, असलं तिथं चालत नाही, आपण कायद्याचा मुद्दा काढू. इतका मी हुशार.

सोलापूरकराला हे सांगायला नको, पण पुण्याची नातवंडं वाचतील म्हणून लिहितो. आपल्याकडे लग्नात पुरुषाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. कुंकू लावायचं, वर तांदूळ चिकटवायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचा. त्या टॉवेलाने कुणी अंग पुसत नाही. तो कपाटात जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर. घडी मोडली की तो आहेरातून बाद, म्हणून घडी कुणी मोडत नाही. एकेक टॉवेल माझ्यापेक्षा जास्त लग्नं फिरलेला असतो. पोलीसही इथलेच. त्यांनी लेबलं बघितली, पोत्यात भरून लाखेचं सील मारलं, पण घडी मोडायला हात त्यांचाही धजला नाही.

साक्षीच्या दिवशी एप्रिल चालू होता. कोर्टातल्या पट्टेवाल्याच्या मुलीचं लग्न त्याच दुपारी लागलं. आम्ही सगळे वकील तिथं जेवलो आणि आहेर बॅगेत कोंबून थेट कोर्टात आलो. पंखा बंद. मी कायद्याचा मुद्दा मांडायला उभा राहिलो. मुद्दा एवढा खोल होता की थोड्या वेळाने मलाच त्यातून वर येता येईना. घाम डोळ्यांत उतरला, रुमाल सापडेना. तेव्हा बॅगेतला आहेराचा टॉवेल ओढला, फडकन झटकला आणि तोंड पुसलं.

सरकारी वकील ताडकन उठले. लेबल त्याच कारखान्याचं. त्यांनी कोर्टाला विचारलं, की आरोपीने बचावाच्या वकिलांना फी मुद्देमालातून दिली आहे काय. सगळं कोर्ट हसलं. माझी पाचावर धारण बसली. कलमं विसरलो, निवाडे विसरलो, लिहायची भाषासुद्धा विसरलो आणि ओरडलो, "साहेब, आहेराचा हाय! त्यांच्या बॅगेत बी हाय की!" सरकारी वकिलांनी बॅग पायामागे घेतली. न्यायाधीशसाहेबांनीही टेबलाखाली पायाने काहीतरी सरकवलं असं बार रूममध्ये सांगतात. मी बघितलेलं नाही, तेव्हा शपथेवर सांगणार नाही.

साहेब माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, माझ्या युक्तिवादाचा परिणाम झाला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, आधी आरशात बघून या." टॉवेलाच्या घडीतले तांदूळ माझ्या कपाळभर चिकटले होते आणि कुंकू घामाबरोबर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं होतं. ते तांदूळ बघूनच साहेबांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि त्यांनी मुद्देमालाचं पोतं फोडायला लावलं. एकेक घडी मोडू लागले तशा टेबलावर अक्षता पडू लागल्या. लाल, पिवळ्या, काही किड्यांनी पोखरलेल्या. जवळजवळ प्रत्येक टॉवेलाला कुठंतरी कुंकवाचं बोट लागलेलं. गोदामातल्या कोऱ्या मालात अक्षता येणार कुठून? मालक जमिनीकडे बघत होते, कारण त्यांतले बरेच त्यांच्याच पोरीच्या लग्नात त्यांनी वाटलेले असणार.

महिपती सुटला. घरी येऊन मी अक्कम्माला विजयाची बातमी मीठमसाला लावून सांगितली. तिने आहेराच्या टॉवेलाची घडी का मोडली एवढंच विचारलं, आणि मी कायदा सांगायला लागलो तेव्हा "सुम्म कुंद्री" म्हणाली. म्हणजे गप बसा. कानडीतला हा सल्ला तिने मला लग्नापासून फुकट दिला आणि मी कधी घेतला नाही.

कलम पाचवे. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. मला बसवताना पाठीला नीट आधार द्यावा, कंबर जुनी आहे. भाषणं नकोत. बार रूमचे लोक बोलायला उठलेच तर चंद्रिकाने त्यांना अक्कम्माच्या आवाजात गप बसवावं. दुखवट्याला कुणी टॉवेल आणू नये, कपाटात जागा नाही.

कलम सहावे. हे कलम आज खोडलं आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. कोर्टासमोरच्या बोळातली माझी ऑफिसची खोली महिपतीला द्यावी, असं इथं लिहिलं होतं. का खोडलं ते लिहितो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल की म्हातारा शेवटी फिरला.

महिपतीला कोर्टाने सोडलं ते "संशयाचा फायदा देऊन". फायदा कोर्टात राहिला आणि संशय लोकांनी घरी नेला. एमआयडीसीत कुणी त्याला गोदामाची किल्ली दिली नाही. मग मी माझ्या खोलीची दिली. तेव्हापासून माझ्या फायली, तारखा आणि चहा तोच बघतो. मी जिंकलेला हा एकच नाव घेण्यासारखा खटला, आणि माझा अशील मात्र अजून हरलेलाच आहे. याचं मला फार वाईट वाटतं. ते हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून तसंच लिहितो.

आज दुपारी हा मसुदा मी त्याला वाचून दाखवला. वाटलं होतं, खोलीचं ऐकून पाया पडेल, मग मी मोठेपणाने उठवीन. तसलं काही झालं नाही. त्याने विचारलं, साक्षीदार म्हणून सही कोण करणार. मी म्हणालो, डॉक्टर आणि बारमधला कुणीतरी.

तो म्हणाला, "साहेब, मला खोली नको. साक्षीदार म्हणून सही करू द्या की."

मी लगेच वकील झालो. त्याला सांगितलं, की ज्याला मिळतं त्याने साक्ष घालू नये. आपल्याला कायद्याची तशी आडकाठी नाही, पण समोरचा वकील तेवढ्यावरून शंभर शंका काढतो, मी स्वतः काढल्या आहेत. तेव्हा खोली तरी घे नाहीतर सही तरी कर, आणि शहाणा असशील तर खोली घे, म्हातारपणी डोक्यावर छप्पर राहील.

तो म्हणाला, "माझ्या वैष्णवीच्या लगनाच्या याद्या झाल्या तवा पावण्यांनी कागद माझ्याम्होरनं उचलला आन माझ्या मेव्हण्याची सही घेतली. म्या बाप, तितंच बसलो हुतो. पोरीचं मोडू नये म्हून गप ऱ्हायलो. तवापासून माझी सही कुणी मागितली न्हाय, साहेब. तुमी मागा की."

मला रडू आलं. चष्मा पुसायचं निमित्तसुद्धा सुचलं नाही, सरळ रडलो. मग सही मागितली आणि हे कलम खोडलं.

खोली आता चंद्रिकाची. महिपतीला तिथून उठवू नये, ही माझी तिला विनंती आहे, वाटणी नव्हे. कोर्टात ती टिकणार नाही. चंद्रिका टिकवील.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चंद्रिकाने करावी. प्रभुने आडवं येऊ नये. आला तर त्याला व्हिडिओ कॉल लावावा.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, दोन ठिकाणी माझाच मला राग आला, तरी तो कायम ठेवून खाली सही करत आहे.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १९ जून २०२४

(सही) अमरेश निंगप्पा उंबरजे
मृत्युपत्र करणार

साक्षीदार:

१. (सही) डॉ. ऋतुराज हविनाळे, राहणार सोलापूर. मृत्युपत्र करणार यांनी माझ्यासमक्ष सही केली.

२. (सही) महिपती कुंडलिक निमगिरे, मूळ राहणार जेऊर, तालुका करमाळा, हल्ली सोलापूर. साहेबांनी माझ्यासमोर सही केली. मी साहेबांसमोर केली. साहेबांनी मागितली म्हणून केली.