रिकामा ठेवलेला रकाना

१९ ऑक्टोबर २०१४

प्रिय आयली,

या खोक्यात वेलदोड्याचा पाव आहे, लोकरीचे दोन जोड मोजे आहेत आणि सगळ्यात खाली एक पांढरं पाकीट आहे. पाव आधी खा. पाकीट मात्र हे पत्र संपल्याशिवाय उघडायचं नाही. तू उघडशील, मला माहीत आहे. लहानपणी नाताळच्या भेटींची चिकटपट्टी वाफेवर धरून सोडवायचीस आणि परत चिकटवायचीस, आणि तुला वाटायचं की आईला कळत नाही. आईला सगळं कळतं. निदान आजवर माझा तसा समज होता.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू 'बरं आई' म्हणतेस आणि त्या दोन शब्दांखाली काय काय पुरून ठेवतेस ते देव जाणे. म्हणून पत्र. इकडे गुरुवारी पहिला बर्फ पडला. आपला मुस्ती कुत्रा म्हातारा झाला तरी त्यात लोळलाच, आणि मग तुझ्या खोलीत जाऊन तुझ्या गादीवर ओला बसला. मी त्याला हाकललं नाही. दुकानात फावडी आणि बर्फ वितळवायचं मीठ यांच्यापलीकडे कुणी काही विचारत नाही. बावीस वर्षं गल्ल्यावर बसून मी एक गोष्ट शिकले, शंभराची नोट उजेडात धरल्याशिवाय आत टाकायची नाही. तू मला हसायचीस, "आई, तू चर्चमध्ये पाद्रीबाबांनाही ओळखपत्र मागशील." मागेनही. तुझा बाप 'वर्षभराचं काम आहे, हेल्मी' म्हणून पूल ओलांडून दक्षिणेला गेला, त्याला यंदा बारा वर्षं झाली. तेव्हापासून पुलापलीकडे जाणाऱ्या माणसानं वर्षांचा हिशेब सांगितला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

आता मुद्द्यावर येते. सप्टेंबरात तू सहज बोलून गेलीस की सोमवारी सकाळी पहिल्या वर्षाचा रसायनाचा तास असतो, तीनशे पोरं असतात, मागून फळा दिसत नाही. मी विचारलं, "अगं, पण रसायन तर तू शाळेतच सोडवून टाकलंस ना? पाचपैकी पाच!" तू म्हणालीस, "इथं सगळ्यांना बसवतात, आई." इतकं झटकन म्हणालीस, की उत्तर आधीच तयार करून ठेवलेलं असावं. मी गप्प बसले. पण मी गप्प बसते तेव्हा काय होतं ते तुला ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर या एपी परीक्षांवर माझा आधीपासूनच विश्वास नव्हता. शाळेच्या बाकावर बसून मे महिन्यात तीन तासांचा पेपर द्यायचा आणि त्यावर कॉलेजातला अख्खा विषय माफ? एवढं उदार जगात कोण असतं? पण तू पाच पेपर घेतलेस आणि मी शाळेच्या ऑफिसात बसून माहितीपत्रकावर बोट ठेवून ठेवून वाचलं. पाच पेपरांची मिळून सत्तावीस क्रेडिटं, म्हणजे जवळजवळ एक वर्ष. चार वर्षांचं कॉलेज तीन वर्षांत. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या परीक्षेवर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. रसायनाच्या बाई २०१७ला निवृत्त होणार, तेव्हा जागा रिकामी होणार, हेही मी मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवलं होतं. तुला न विचारता. तू घरी येशील, खालच्या रस्त्यावरच्या शाळेत शिकवशील, शनिवारी आपण सौना, आपली वाफेची न्हाणी, तापवू, असं सगळं मी ठरवून टाकलं होतं.

आणि तू जायच्या दिवशी, ऑगस्टात, मी तुला कोठीच्या दाराच्या चौकटीला टेकवून उभी केली. तुझी उंची वयाच्या दुसऱ्या वर्षापासून तिथं मांडलेली आहे. शेवटची खूण केली आणि तिच्यावर वीतभर जागा सोडून शाईनं लिहिलं, 'मे २०१७, आयली घरी.' तू हसलीस. "आई, मला कॉलेजात सोडतेयस की तुरुंगात?" मीही हसले. मग सामान गाडीत भरून झाल्यावर तुला चार्जर आठवला आणि तू आत गेलीस. दहा मिनिटं आलीच नाहीस. मी भोंगा वाजवत बसले आणि मनात म्हटलं, कुणातरी मुलाला फोन करतेय ही.

तर रसायनाच्या त्या बोलण्यानंतर आठवड्यानं शेजारची लाहतीबाई दुकानात आली. तिचा ट्रेव्हर, ज्याला दोन पेपरांत कसेबसे तीन-तीन पडले, तो इथल्या जवळच्या कॉलेजात सात क्रेडिटं घेऊन मिरवतोय म्हणे. "आमचा ट्रेव्हर बाकीच्यांच्या आधी विषय निवडतो हो! तुमच्या आयलीला तर ढीगभर मिळाली असतील." मी तिच्या पिशवीत खिळ्यांची पुडी जरा जोरातच टाकली. ट्रेव्हरला सात आणि माझ्या पोरीला भोपळा? इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

पहिला संशय तुझ्या पुलापलीकडच्या कॉलेजवर. तिथल्या नोंदणी कार्यालयात फोन लावला. बाई गोड आवाजाची होती, म्हणजे जास्तच संशयास्पद. मी विचारलं, माझ्या मुलीची सत्तावीस क्रेडिटं तुम्ही कुठं गिळलीत? ती म्हणाली, "मॅडम, मुलगी अठराची आहे. तिच्या सहीशिवाय ती इथं शिकते की नाही, हेही मी तुम्हाला सांगू शकत नाही. कायदा आहे." मी म्हटलं, "फीचं पाकीट माझ्या पत्त्यावर येतं तेव्हा हा कायदा कुठं जातो?" ती हसली, पण ताकास तूर लागू दिली नाही. फोन ठेवताना म्हणाली, "मुलीलाच विचारा ना." जणू हे मला सुचलंच नव्हतं.

दुसरा संशय फार वाईट होता, आयली, आणि तो मी लिहून टाकते कारण तो मला आला होता. मला वाटलं, जुलैत तू मला फोनच्या पडद्यावर गुणांचे जे आकडे दाखवलेस ते खरे नव्हतेच. मी दर मे महिन्यात या परीक्षांना देखरेखीला बसते. त्या दिवसांत काय काय होतं ते मी पाहिलंय. खिशात मोबाइल वाजला की पेपर रद्द. आपलं मूल ज्या खोलीत, त्या खोलीत आपण बसायचं नाही असा नियम, म्हणून तुझ्या पेपरांना व्यायामशाळेत लाकूडकामाचे हाकाला मास्तर होते आणि मी पलीकडे लायब्ररीत स्पॅनिशवाल्यांवर. मास्तरांचा एक कान गेलेला. त्यांच्या देखरेखीत हत्ती जरी शिरला असता तरी त्यांना कळलं नसतं. म्हटलं, काहीतरी घडलं असणार आणि पोरगी लपवतेय.

मग मी पाव भाजला आणि मास्तरांकडे गेले. त्यांनी पावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हेल्मी, तू पाव घेऊन आलीस की मला माझ्या वकिलाची आठवण येते." मी सरळ विचारलं, पोरीनं काही गडबड केली का? म्हातारा चिडलाच. "आयलीनं? तुझी पोरगी अर्धा तास आधी पेपर संपवून खिडकीबाहेर बघत बसली होती. तिच्यासारखी मला आणखी दोन मिळाली असती ना, तर मी लाकूडकाम सोडून गणित शिकवलं असतं." मी निघाले तर मागून म्हणाले, "एकच गोष्ट. पहिल्या पेपराच्या दिवशी उत्तरपत्रिकेवरचा कॉलेजचा रकाना तिनं रिकामा ठेवला होता. मी बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, राहू द्या, मास्तर. मी राहू दिला."

तुला काय सांगू! तो रकाना! दरवर्षी मी स्वतः ती छापील सूचना मुलांना शब्दशः वाचून दाखवते, एक शब्द इकडचा तिकडे करायची परवानगी नाही. 'ज्या कॉलेजला तुमचे गुण पाठवायचे असतील त्याचा क्रमांक या रकान्यात भरा.' त्या दिवशी भिंतीपलीकडे तेच वाक्य मी वाचत होते आणि भिंतीच्या या बाजूला तू पेन्सिल खाली ठेवत होतीस. कॉलेज तर तुझं मेच्या पहिल्या तारखेलाच ठरलेलं होतं. विसरली म्हणावं तर विसरणारी तू नव्हेस.

मंगळवारी दुपारी मी गावच्या वाचनालयातल्या संगणकावर परीक्षेचं संकेतस्थळ उघडून बसले. तुझा पासवर्ड मुस्तीचं नाव आणि तुझं जन्मसाल असणार हे ओळखायला पोलिसखात्यात असावं लागत नाही. बाई, मी आत शिरले. तुझ्या घरात चोरासारखी शिरले म्हण. पाच, चार, पाच, चार, पाच. सगळे खरे. आणि खाली 'पाठवलेली ठिकाणं' लिहिलेलं, त्यासमोर काहीच नाही. मला इतका राग आला, की वाचनालयाच्या त्या शांततेत मी मोठ्यानं म्हणाले, "ही पोरगी माझ्यापासून पळतेय!" लोक वळून बघायला लागले. समोर 'गुण पाठवा' असं एक बटण होतं आणि माझ्या पाकिटात बँकेचं कार्ड होतं.

घरी आले ते रागातच. कोठीत बटाटे घ्यायला गेले, पोटॅटो पॅटीससाठी, दिवा लागेना म्हणून विजेरी घेतली. उजेड चौकटीवर तिरपा पडला आणि मला काहीतरी दिसलं. देखरेखीत आम्हाला शिकवतात ना, खोडलेलं नीट खोडलंय का ते बघायचं. मी नोटेसारखं निरखून पाहिलं. माझ्या शाईच्या '२०१७'खाली रंगावर पेन्सिलीचे दाब उमटले होते. २०१८. खोडलेलं. त्याच्या बाजूला परत २०१८. खोडलेलं. तिसऱ्यांदा अर्धंच लिहिलेलं. रबराचे बारीक कण अजून फटीत अडकले होते. चार्जरची ती दहा मिनिटं. आयली, तू मला सांगायला आत गेली होतीस आणि बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात चार्जर नव्हताच. भोंगा वाजवताना मी त्याकडे लक्षच दिलं नाही, ते आता आठवतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची माझी सवय जुनीच, पण या वेळी चोरही मीच निघाले. एक वर्ष मी तुझ्याकडून उचललं होतं आणि त्याला हुशारी म्हणत होते.

बटाटे न घेताच मी कोठीतून बाहेर आले. मला एकटं राहण्याची भीती वाटते, हे मी आजवर कुणाला बोलले नाही, तुलाही नाही. ती भीती मी क्रेडिटांच्या हिशेबात घालून तुझ्या गळ्यात अडकवली. तू चार वर्षं मागितली असतीस तर मी नाही म्हटलं नसतं, असं लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं. मी नाहीच म्हटलं असतं, आणि वर तुझ्या बापाचं नाव काढलं असतं. तुला ते माहीत होतं, म्हणून तू पेन्सिलीनं लिहिलंस.

आता हे पत्र का लिहितेय ते. मंगळवारी मी ते बटण दाबलं, आयली. तुझे आकडे निघालेत, आठ-दहा दिवसांत तिथं पोचतील आणि तुझ्या नावावर चढतील. मी परत त्या गोड आवाजाच्या बाईला फोन केला. म्हटलं, समजा एखाद्या आईनं असं असं केलं असेल तर? ती म्हणाली, "आमच्याकडे दर आठवड्याला एक 'समजा' येते." मग तिनं सांगितलं की विद्यार्थ्याला मिळालेली क्रेडिटं नाकारता येतात, अर्ज असतो, सही मात्र विद्यार्थ्याचीच हवी. तो अर्ज पांढऱ्या पाकिटात आहे. सहीची जागा तर सोडाच, बाकीही मी काहीच भरलेलं नाही. तिकीट लावलेलं पाकीटही आत आहे. सही कर नाहीतर फाडून टाक, आणि मनातून मी काय म्हणतेय ते तुला कळतंच, पण ते ऐकू नकोस. मुख्याध्यापकांना मी सांगून आलेय की आयलीचं काही नक्की नाही. चौकटीवरचं २०१७ खोडायला गेले, पण शाई जात नाही. शेजारी जागा आहे. नाताळात आलीस की तुला जे लिहायचं ते तू तुझ्या हातानं लिही, पेनानं. मी तोवर दुसऱ्या खोलीत बसेन. नियमच आहे तो, आपलं मूल ज्या खोलीत, त्या खोलीत आपण बसायचं नाही.

तुझीच, आणि या वेळी नोट उजेडात न धरता,
आई