निकाल कोणी लिहायचा

३ मार्च
बंद दाराआड आम्हा पाच न्यायमूर्तींची चर्चा. आत शिपाईही नसतो. दार वाजलं की उठायचं सर्वांत धाकट्याने. आज धाकटी उठली, चहाचा ट्रे घेतला. तेवढाच क्षण बरा गेला!

बोलायची सुरुवातही धाकट्याकडून — ज्येष्ठांचं ऐकून मत बदलू नये म्हणून. माझा नंबर चौथा. तुरुंगातल्या आईपासून मूल वर्षाचं झालं की काढून घ्यायचं, हा कायदा घटनेत बसतो का? याचिका एका कैदी आईची, निकालापर्यंत कायद्याला स्थगिती. केवढी तयारी केली होती मी. आणि धाकटी आधीच बोलून मोकळी. "शिक्षा आईला झालीय. मुलाला कुठल्या कोर्टाने दिली?" माझ्या वाट्याला उरलं काय, तर "मी सहमत आहे."

चौघे आयांच्या बाजूने, विरुद्ध एकटेच, ज्यांना मी मनात खडूस म्हणतो ते. मुख्य न्यायमूर्तींनी निकाल लिहायला दिला — तिला! असं प्रकरण जन्मात एकदा येतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

४ मार्च
अजून जळफळाट. लाज वाटते, पण आहे.

११ मार्च
तिचा मसुदा आला. चुका शोधत बसलो, एक स्वल्पविराम सापडला. आमच्या पाचांतले चष्मेवाले म्हणाले, फार सुंदर लिहिलंय हो पोरीने. पोरगी कसली, पन्नाशीची आहे!

बायकोने विचारलं, जेवताना कपाळाला आठ्या कशाला? आतलं बाहेर बोलायचं नसतं, असं म्हणून सुटलो.

१४ मार्च
ठरलं. विरोधी मत लिहितो. मी गेलो तरी तिघं उरतात, आया जिंकणारच. फक्त तिच्याशेजारी माझंही वाचलं जाईल. कायदे करणं लोकप्रतिनिधींचं काम, न्यायाधीशाने कनवाळूपणा करायचा नसतो, वगैरे. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण हात काय चालला!

१९ मार्च
मत सगळ्यांना पाठवलं. धाकटी जिन्यात भेटली. "सर, तुम्ही माझ्या बाजूने होतात. माझं कुठे चुकलं?"

विचार बदलला, म्हटलं. तिने मान डोलावली आणि खाली गेली. मला बरं वाटायला हवं होतं.

२१ मार्च
चष्मेवाले खोलीत आले. म्हणाले, "तुम्ही माझे डोळे उघडलेत. मी तुमच्याबरोबर सही करतो."

थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही — इतकं कौतुक कितीतरी वर्षांत कानावर पडलं नव्हतं! ते गेल्यावर बोटांवर मोजलं. खडूस, चष्मेवाले, मी. झालं बहुमत.

२२ मार्च
मुख्यांचा फोन. आता ते आणि धाकटी अल्पमतात. "बहुमतात तुम्ही ज्येष्ठ. निकाल तुम्हीच लिहा."

अजून मागे फिरता येईल. पण कारण काय देऊ? पोटात दुखत होतं म्हणून लिहिलं?

२३ मार्च
लिहायला बसलो.

५ एप्रिल
निकाल वाचला. कायदा कायम, स्थगिती उठली. मग धाकटीने विरोधी मत वाचलं. शब्दन् शब्द मला मान्य होता.

मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये ती आई, मांडीवर मूल झोपलेलं. खिडकीतून पाहिलं. बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, एक तुरुंगाची, एक बालगृहाची.