मुदानला थंडी हवी

२४ फेब्रुवारी

कळ्यांना लाली आली! भिंतीजवळच्या जुन्या मुदानच्या फुलझाडाचे शेंडे फुगलेत, पाखराच्या चोचीसारखे. मुळं जागी झाली म्हणायची. यंदा थंडी कडाक्याची पडली, ते बरं झालं. मुदानला थंडी हवी. हिवाळा नीट पडला नाही तर झाड नुसती पानं काढतं आणि वर्षभर गप्प बसतं.

सुमैला फोनवर सांगितलं. "हो का, छान," म्हणाली. मागे आमची नात न्यान्यान रडत होती, तिला भरवायचं होतं. सुमैच्या, बियांतून उगवलेल्या झाडालाही कळी दिसतेय हे सांगायचं राहूनच गेलं.

सून बाळंत व्हायची होती तेव्हा सुमै मला इथे ठेवून मुलाकडे, दक्षिणेला ग्वांगचौला गेली. एका वर्षासाठी जाते म्हणाली. न्यान्यान आता बालवाडीत जाते.

५ मार्च

बुंध्यातून वर येणारे फुटवे काढले. ठेवले तर फुलांच्या तोंडचा घास तेच खातात. दिवसभर वाकून कंबर धरली. पूर्वी हे काम सुमैचं. तिची बोटं बारीक, बरोबर खाचेत जायची.

तिळाची पेंड कुजवून घातली. अंगणभर वास. त्याच हातांनी शेवया उकडल्या आणि उभ्याउभ्या खाल्ल्या. नाक मुरडायला कोणी नाही.

१४ मार्च

शेजारचे पांगदादा वाफेचे पाव घेऊन आले. कारखान्यात आम्ही एकाच पाळीला असायचो— ते ओतशाळेत, मी जोडणीत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी आहे, ती दूर वायव्येला.

दारातूनच म्हणाले, "यान, दाढी केलीस? कोण येणार आहे?"

सांगितलं, सुमै येतेय, फुलं बघायला. एप्रिलच्या मध्यावर. मुलगा, चंगवेई, तिकीट काढतोय.

"गेल्या वर्षीही काढत होता," म्हणाले. मग पट मांडला. तिन्ही डाव मीच हरलो.

२३ मार्च

कळ्या घंटेसारख्या खाली वळल्या— याला आम्ही 'घंटा धरली' म्हणतो. आता गोठवणारं दंव पडू नये.

२५ मार्च

पडलंच. रेडिओवर काल दुपारी सांगितलं म्हणून वाचलो. गवताच्या चटया, पोती, जुन्या चादरी, सगळं बाहेर काढलं. बियांच्या झाडाला काही उरलं नाही, तेव्हा सुमैची रजई घातली. फुलाफुलांची, लाल. ती असती तर मला घरात घेतलं नसतं.

हे झाड तिचंच. तडकलेल्या शेंगांतून काळं बी वेचून तिने एका फुटक्या घमेल्यात वाळूत पुरलं होतं. मी हसलो होतो. बियाणं म्हणजे लॉटरी, मी म्हणालो होतो, जातिवंत झाड हवं तर कलमच करावं लागतं. "येईल ते येऊ दे की," म्हणाली. त्यातलं हे एकच जगलं. वर्षानुवर्षं नुसती पानं. यंदा पहिली कळी.

६ एप्रिल

काल पितरांचा दिवस, आई-बाबांच्या थडग्यांवर जाऊन आलो. गवत काढलं, दारू शिंपडली. बाकीच्या घरची माणसं घोळक्याने आली होती. मी लवकर आटपलं.

आज चंगवेईचा फोन. सुनेला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. आईला आता सोडता येणार नाही, बाबा. मी म्हटलं, चांगली बातमी आहे. खरंच चांगली आहे.

"तुम्हीच या ना," म्हणाला. "खोली आहे."

मग सुमैने फोन घेतला. म्हणाली, इथे येऊन तुम्ही करणार काय? सतराव्या मजल्यावर माती कुठली? मी म्हटलं, तसंही मुदान तिथे जगत नाही, थंडीच पडत नाही.

"हो ना," म्हणाली. "तेच म्हणते मी."

७ एप्रिल

दाढी केली नाही आज.

१५ एप्रिल

उमललं!

सकाळी चहा घेऊन गेलो तर उघडलेलं. हातातली किटली खाली ठेवायचं भान राहिलं नाही, बोट भाजलं. तांदळाच्या पेजेसारखा रंग, अगदी फिका, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी जांभळा डाग— शाईचं बोट लागल्यासारखा. पाकळ्या इतक्या की मधले केसर दिसेनात. मान खाली घातलेली नाही, सरळ उभं. वास मात्र मंद. नाक जवळ नेलं तरच येतो.

आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेल्या जातींची कलमं केली. हे असं कुठेच पाहिलेलं नाही.

भिंतीवरून पांगदादांना हाक मारली. ते आले, टोपी काढली आणि उभे राहिले. म्हणाले, "बोलाव तिला. काहीही करून बोलाव."

फोटो पाठवला. तिने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. दिवसभर फोन खिशातच ठेवला, पुन्हा काही आलं नाही.

१८ एप्रिल

फुलांच्या जत्रेची गर्दी आमच्या गल्लीतही. रोपवाटिकेचा एक माणूस आला, झाडासमोर उकिडवा बसला तो उठेना. नाव काय म्हणाला. म्हटलं, नाव नाही. पांगदादा म्हणाले, सुमैचं ठेव की. मी म्हटलं, आधी तिने पाहू दे.

त्या माणसाने विचारलं, त्या कुठे असतात? पांगदादांनी विषय बदलला. मला त्यांचा राग आला. का, ते सांगता येत नाही.

२१ एप्रिल

वारा, मग पाऊस. संपलं सगळं. ओल्या पाकळ्या टोपलीत भरल्या. टोपली जड झाली होती.

३ जून

अंडीवाल्याशी बोललो. आज तेवढंच.

१९ ऑगस्ट

इस्पितळातून घरी आलो. परवा उन्हात पानांवरचे डाग बघत होतो, पुढचं आठवत नाही. दोन झाडांच्या मध्ये पडलो होतो म्हणे. नळ वाहत होता आणि बंद होईना, म्हणून पांगदादांनी भिंतीवरून डोकावलं. सलाईन लावलं. नर्स विचारत होती, घरचं कोण आहे? पांगदादांनी सही केली. नात्याच्या जागी काय लिहिलं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी पेज घेऊन आले. सुमैला कळवू नका, मी म्हटलं. ते भडकलेच.

"झाडांसाठी मरणार आहेस का इथे? माझी बायको जिवंत असती ना, तर मी सतराव्या मजल्यावर काय, त्या इमारतीच्या गच्चीवर राहायला गेलो असतो."

मग त्यांनीच पेज भरवली. दोघंही वर पाहत नव्हतो.

२८ सप्टेंबर

ठरलं. ग्वांगचौला जाणार.

झाडं वाटून टाकायची; मुदान हलवायचा काळ हाच. वसंतात हलवली तर झाडं झुरतात. आता मुळं धरली तर हिवाळ्याआधी रुजतील. चंगवेईला सांगितलं, तो खूश. आईला आत्ता बोलू नकोस म्हटलं. सांगितलं तर ती "कशाला" म्हणेल. दारात उभा राहिलो की काय म्हणणार?

पांगदादांना सांगितलं, तेव्हा ते भिंतीपलीकडे झाडू मारत होते. मारतच राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस."

६ ऑक्टोबर

खणतोय. मुळं दोरखंडासारखी, खोल आणि पांढरी. ताजी वाकवली तर मोडतात, म्हणून सावलीत पसरून ठेवतो. जरा मऊ पडली की मगच दुसऱ्या खड्ड्यात. नेणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतोय— पाणी साचू देऊ नका, पहिल्या वर्षी कळी खुडा, लोभ करू नका.

शाळेच्या हेडबाईंनी जांभळी नेली. भिंतीजवळचं जुनं झाड चौघांनी मिळून उचललं. माझ्या आजोबांनी लावलेलं. ते गाडीवर चढवताना मी आत जाऊन भांडी घासत बसलो.

बियांचं झाड पांगदादांना. त्यांना फुलांतलं काही कळत नाही. पण ते भिंतीपलीकडेच असेल, असं मनात आलं. मग लक्षात आलं, मी कुठे असणार आहे इथे!

१५ ऑक्टोबर

अंगणात नुसते खड्डे. बुजवले. किल्ली पांगदादांकडे दिली. गाडीत खायला त्यांनी पाव बांधून दिले, आणि निरोप न घेता घरात गेले.

१७ ऑक्टोबर, ग्वांगचौ

इथे ऑक्टोबरात घाम येतो. दार सुमैने उघडलं. केस आखूड केलेत, काळे केलेत. छान दिसते. हातात स्वयंपाकाचा डाव होता.

"तुम्ही?" मग लगेच, "झाडं?"

दिली, म्हटलं. सगळी.

ती खुर्चीवर बसली. डाव मांडीवर. मला वाटलं रडेल. रडली नाही. न्यान्यान धावत आली आणि माझ्या पायाला बिलगली, तेव्हा सुमै उठली आणि शेवया उकडायला लागली. त्यात अंडं घातलं. मी सगळं खाल्लं.

नंतर म्हणाली, सकाळी ती बागेत नाचायला जाते, बायकांबरोबर. तुम्ही येऊ नका, कंटाळाल.

२० ऑक्टोबर

गेलो. ती पुढच्या ओळीत होती, हसत होती. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला पाहिलं आणि हात अर्ध्यात थांबले. बायकांनी विचारलं, हे कोण? "आमच्या गावचे," म्हणाली. "फुलं लावतात."

ती पाणी भरून आणायला गेली. तेव्हा एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. मायाळू होती. म्हणाली, "सुमै मोठ्या धीराची हो. नवरा गेला, पण कधी रडगाणं नाही. तुम्ही त्यांना ओळखत असाल ना?"

ओळखत होतो, म्हटलं.