वगळलेली मापं

२० जानेवारी, मंगळवार
कालच्या नोंदीत एक चूक झाली. तराजूची खोली तळमजल्यावर आहे असं मी लिहिलं. ती कॉलेजच्या तळघरात आहे, म्हणून टाऊन बसची थरथर तिथे पोचत नाही. अप्पांनी मला घरीच शिकवायला घेतलं तेव्हापासूनचा नियम आहे: चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

बाकी सगळं छान. एम.एस्सी.च्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी पापनाशमहून इथे तंजावूरला आले, मंगला अत्याकडे उतरले. तिने उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी वाढली आणि विचारलं, की फिजिक्सवाल्यांना पगार कोण देतं, का नुसतं सफरचंद पडताना बघत बसायचं.

माझा तराजू सुंदर आहे. बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली, टोकांना लहान गोळे. जवळ शिशाचा मोठा गोळा आणला की दांडी त्याच्याकडे किंचित वळते आणि तिच्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर सरकतो. प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते, हे इथे डोळ्यांना दिसतं.

३० जानेवारी, शुक्रवार
गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकाचं उत्तर जुळत नाही. मोठे गोळे काढून ठेवले तरी ठिपका ढळतो. जणू माझ्या पाठीमागे, भिंतीपाशी, काही जड ठेवलेलं आहे. तिथे काही नाही. माझं स्वतःचं वजन हिशेबात धरलं, तार बदलली, सगळं पुन्हा मांडलं. माझी प्रोजेक्टमधली जोडीदार नित्या माझ्याच खुर्चीत बसली की ठिपका शहाण्यासारखा जागेवर. ती म्हणते, तराजूने तुला पसंत केलंय, आता मुहूर्त बघ. मला हसू आलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
माझे मार्गदर्शक शेषगिरी सरांनी मापांचा तक्ता पाहिला आणि सांगितलं की ती मापं वगळ. दरवर्षी एखाद्या मुलीला अशी मापं मिळतात, ती वगळते, उत्तर बरोबर येतं, आयुष्य मार्गी लागतं. एक बँकेत आहे, एक हवामान खात्यात, एक चेन्नईला सॉफ्टवेअरमध्ये, लक्ष्मीप्रिया तर माझ्याच गावच्या शाळेत शिकवते. तक्ता स्वच्छ असेल तर बेंगळुरूला संशोधनासाठी ते स्वतः माझं नाव सुचवतील. नाहीतर बी.एड. आहेच, असं म्हणाले.

कारण सापडल्याशिवाय कसं वगळू, असं मी विचारलं. परीक्षकाला उत्तर हवंय, माझा हट्ट नकोय, असं उत्तर मिळालं. राग गिळून जिना उतरले.

१८ फेब्रुवारी, बुधवार
जे ओढतंय त्याचं वजन माझ्याएवढं धरलं, तर त्याचं अंतर काढता येतं. सुरुवातीला ते भिंतीपाशी होतं. आता हात मागे केला तर लागेल इतकं जवळ आहे. हात मागे केला. काही नाही.

मग मी उठून दारापर्यंत चालत गेले आणि नित्याला पट्टी वाचायला लावली. ठिपका माझ्या मागोमाग सरकला. जरा उशिराने. नित्या आता चेष्टा करत नाही. नुसतं वगळ म्हणते.

२८ फेब्रुवारी, शनिवार
पापनाशमला जाऊन लक्ष्मीप्रियाला भेटले. खिडकीतून तिचा वर्ग पाहिला. पाठ भिंतीला चिकटवून शिकवते. फळ्यावर एक मुलगी लिहिते. ही फळ्याकडे वळतच नाही.

तिने आधी विचारलं की मी मापं वगळली का. अजून नाही, म्हटलं. मग हळू आवाजात सांगितलं, की मापात असेल तोवर ते तळघरातच राहतं. वगळलं की मोजता येत नाही, एवढंच. आणि ते आपल्याबरोबर वर येतं. सरांची खुर्ची कुठे असते ते बघ, असं म्हणाली.

४ मार्च, बुधवार
सरांची खुर्ची कोपऱ्यात. दोन्ही भिंतींना टेकून.

मी वगळणार नाही. बेंगळुरू गेलं तरी चालेल.

१० मार्च, मंगळवार
नित्याने अहवाल टाइप केला. माझ्या भल्यासाठी, म्हणे. ती सगळी मापं वगळून. सरांनी सही करून कालच परीक्षकाकडे पाठवला. मी इतकी भांडले की ती रडली. माझ्याच कामात माझं कोणी ऐकत का नाही —

११ मार्च, बुधवार
तळघरात गेले. खुर्चीत मीच बसले. ठिपका हलत नाही. उत्तर अगदी पुस्तकातलं.

म्हणजे ते आता खाली —

१२ मार्च, गुरुवार
अत्या विचारते, जेवताना पाट भिंतीला का लावतेस. लावते हे मला माहीत नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार
भिंतीला टेकून लिहितेय. भिंत गार असायला हवी. ही —

वळणार नाही. अहवाल मागे घेणार. नवा तक्ता, एकही माप न वगळता, थेट परीक्षकापुढे. सर काही म्हणोत. मोजलं गेलं तर ते परत खाली — जाईलच असं नाही, पण — सोमवारी, १६ मार्चला, मी